नाबाद मिशी

चौऱ्याहत्तर सालच्या सांगलीच्या कबड्डी स्पर्धेत आमच्या आंबेखिंडीचा संघ साखळीतच आटोपला. बाद फेरी हुकली.

असं काही झालेलंच नाही. निदान नाथाजी हवालदारांच्या कट्ट्यावर तरी नाही. “आजून एक सामना हाय,” ते सांगायचे. तो सामना आम्हीच खेळून, हरून, एस्टीनं परत आलो होतो. मी तर पहिल्याच चढाईत पकडला गेलो, आणि त्या माणसानं माझा पाय अजून पुरता सोडलेला नाही असं मला वाटतं. पण कट्ट्यावर दिसलो की नाथाजी खेकसायचे, “इतं काय करताय रं? सांगलीला जावा. उशीर व्हईल.”

कारण मिशी. पलटणीतून आणलेली, दोन्ही टोकांवर लिंबू ठरेल अशी. जत्रेत नाथाजींनी बिरोबाचा भंडारा उचलून मेव्हण्याशी पैज मारली होती: ज्याचा संघ बाद, त्याची मिशी साफ. मेव्हणा म्हणजे माधवनगरच्या मिलमधला मानसिंग. त्याचा संघ बाद फेरीत पोचला होता.

रविवारी मानसिंग आला. येताना सिद्धू न्हाव्याला धोकटीसकट उचलून आणलं.

“दाजी, बसा पाटावर.”

“आमचा एक सामना ऱ्हायलाय.”

“कुनासंगं?”

नाथाजींनी बराच विचार केला. “त्ये आजून ठरायचंय.”

सिद्धूनं वस्तरा चामड्यावर घासायला घेतला. एवढ्यात चुलीपासून नाथाजींच्या कारभारणीचा, रंगूबाईंचा आवाज आला. “आवं, कबूल करा की.”

“काय कबूल करू?”

“आपुन बाद फेरीत न्हाई म्हनून.”

“गप ए! मिशी जाईल.”

“ऱ्हाईल! मानसिंगा, संघ बाद कुटं हुत्यात रं?”

“बाद फेरीत, आक्का.”

“मग? आमी गेलतो का तितं?”

सिद्धूचा वस्तरा थांबला. नाथाजी हळूहळू उभे राहिले, झेंडावंदनाला राहतात तसे.

“आमी साखळीतच हारलो!” ते गरजले. “साफ हारलो! लय वंगाळ हारलो! बाद फेरीच्या उंबऱ्याला आमचा पाय लागला न्हाई!”

आम्ही खेळाडूही चेव येऊन पुरावे देऊ लागलो. मी पाय दाखवला.

“आनि तुमचं काय झालं, पावनं?” नाथाजींनी मिशीला पीळ देत विचारलं. “बाद फेरीत?”

मानसिंग आल्यापासून त्या विषयावर बोलला नव्हता. आता जमिनीकडं बघून म्हणाला, “काल... दोन गुनांनी.”

“बाद?” सिद्धूनं विचारलं. त्याचं पाणी निवत होतं.

“बाद. म्हटलं, दोघांची संगतीनं जाईल.” मग तो चुलीकडं वळला. “आक्का, सख्खा भाऊ हाय मी!”

“भाऊबीजंपातूर उगवंल. बस पाटावर.”

त्या संध्याकाळी आंबेखिंडीत हलगी कडाडली. नाथाजी बैलगाडीत उभे, मिशीच्या टोकांवर दोन खरी लिंबं, आणि गाडीपुढं मानसिंग ओठावर हात ठेवून नाचतोय. बाद फेरी हुकल्याबद्दल इतका गुलाल उधळणारं गाव तुम्ही पाहिलं नसेल. शेजारच्या गावाला वाटलं आम्ही जिंकलो. आम्हालाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी नाथाजींनी मला बसवून घेतलं आणि स्पर्धा समितीला अर्ज सांगितला:

“महाशय, उपरोक्त स्पर्धेत आमचा संघ अखेरपर्यंत बाद झालेला नसल्याने त्याची नोंद ‘नाबाद’ अशी करण्यात यावी, आणि नजरचुकीने दुसऱ्या संघास गेलेली ढाल परत घेऊन ती सरकारी इतमामाने आंबेखिंडीस पोचती करावी, ही नम्र विनंती. ढाल स्वीकारण्यास खाली सही करणार मिशीसह, व त्यांचे मेव्हणे मिशीविना, हजर राहतील.”