रागाचा फोटो

डॅरिलनं फरसबंदीवर गुडघे टेकले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला.

"बाई, जरा चिडून बघा ना. तुमचा बाक काढून नेतायत. लग्नाला नाही निघालात."

"हे माझं चिडलेलंच तोंड आहे," मुरिएल म्हणाली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला तिची धाकटी बहीण एनिड बसली होती. ती समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचत होती, जणू आजच पहिल्यांदा पाहतेय.

डॅरिलच्या 'ऑल्डरी हेरल्ड' या गावच्या पेपरात बातमी म्हटली की असा फोटो हवाच. रस्त्यातला खड्डा, त्याच्याकडे रोखलेलं बोट आणि पाडलेलं तोंड. या वेळी नगरपरिषदेनं बाजारचौकातला बाक काढून तिथे दोन गाड्या उभ्या करायचं ठरवलं होतं. बॅगली खाटकाच्या दुकानात विरोधाचा कागद ठेवला होता, त्यावर पहिली सही मुरिएलची, दुसरी एनिडची. अर्थात दोघी वेगवेगळ्या दिवशी येऊन करून गेल्या.

कारण गावभर ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी मुरिएलनं इतिहास मंडळाच्या पुस्तिकेत लिहिलं, की चौकातल्या दगडी क्रुसाचं टोक यादवी युद्धात सैनिकांनी उडवलं. प्रकाशनाच्या दिवशी एनिड भर सभेत उभी राहिली आणि म्हणाली, कसले सैनिक, आमच्या दारुड्या पणजोबांनी घोडागाडी घातली त्यावर! तेव्हापासून अबोला. पण दर गुरुवारी बाजार आटपला की दोघी याच बाकावर टेकायच्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला, मधे पिशव्या. मुरिएलला खोकल्याची उबळ आली की एनिड गोळ्यांची पुडी पिशव्यांवर ठेवायची, कुणासाठी ते न सांगता. बाक गेला की एनिडशेजारी बसायला दुसरी जागा उरणार नव्हती, आणि या धास्तीनं मुरिएलला घास गोड लागत नव्हता.

"थोडं जवळ सरकता का?" डॅरिलनं विचारलं.

"तिला सांगा. पिशव्या तिच्या आहेत," एनिड म्हणाली.

"अरे, नुसतं बसू दे त्यांना!" बॅगली दारातून ओरडला. "सहा वर्षांचा सराव आहे. राग आपोआप येईल फोटोत!"

डॅरिल बाजूला सरकला. "मागे तो मोडका क्रूस पण येऊ दे. मोडला कसा हो तो?"

बिचारा ईस्टरला गावात आलेला, त्याला काय माहीत. शेजारच्या ठेल्यावर बटाटे तोलणारीचा हात थांबला.

एनिडनं ओठ घट्ट मिटले. एकदा बोलून ती पुरती पस्तावली होती. आज जीभ तुटली तरी बोलायचं नाही, असं ठरवून तिनं मांडीवरची पर्स आवळून धरली.

मुरिएलनं हातमोजे काढले. पुन्हा घातले.

"आमच्या पणजोबांनी मोडला," ती म्हणाली. "बिअरची पिंपं घेऊन आले होते. निम्मी पोटात." मग क्रुसाकडे वळून बघत ती म्हणाली, "घोडा मात्र शुद्धीवर होता."

आधी एनिडच्या नाकातून आवाज आला. मग तिचे खांदे हलायला लागले, मग मुरिएलचे, आणि मधल्या पिशव्या कलंडून कांदे चौकभर घरंगळले.

"अहो, चिडा ना! चिडा!" डॅरिल ओरडत राहिला.

'बाकावरून संताप' या मथळ्याखाली डोळे पुसत हसणाऱ्या दोन म्हाताऱ्या छापून आल्या. फोटो दुकानादुकानात लागला. त्या दोघींना उठवायची नगरपरिषदेत कुणाची छाती झाली नाही. बाक राहिला, वर हिरवा रंगही मिळाला.

पुढच्या गुरुवारी आनंदाचा फोटो काढायला डॅरिल आला, तर बाक रिकामा.

"बघ!" बॅगली वैतागून म्हणाला. "एवढा आटापिटा केला, आणि आता बसायला कुणी नाही!"

डॅरिलनं चौकभर नजर फिरवली. चहाच्या दुकानात खिडकीपाशी, एकाच टेबलावर दोघी बसल्या होत्या. एनिडनं सायीची वाटी आपल्याकडे ओढली होती आणि मुरिएल हातातली सुरी नाचवत होती.

"काय चाललंय?"

"स्कोनच्या गोड पावावर आधी साय की आधी जाम. भांडतायत."

"परत?"

"बोलून भांडतायत रे," असं म्हणून बॅगली गिऱ्हाइकाचे सॉसेज बांधायला आत गेला.