एकाच डीपीवर

"अक्षयदादा, माह्या साइटच्या शेजारी राह्यते तरी कोण?"

गुंजनने विचारून टाकलं आणि मागे वळून जिन्याकडे पाहिलं. तिसऱ्या पायरीवर तिच्या मैत्रिणी खुशी आणि निकिता तोंडावर ओढणी दाबून खिदळत होत्या. आठ दिवसांपासून दोघींचं एकच टुमणं होतं. रोज संध्याकाळी तुझी साइट झोपते, तर कोणाच्या घोरण्यानं झोपते ते विचार की! हिंमत आहे का? आता पैज पूर्ण झाली होती.

अक्षयने चष्मा काढून डोळे चोळले. ढाणकीत कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत त्याचं कॉम्प्युटर सेंटर होतं. एका सर्व्हरवर जागा घ्यायची आणि ती गावागावच्या लोकांना थोडी थोडी वाटून द्यायची, हा त्याचा धंदा. शेअर्ड होस्टिंग. त्या एका सर्व्हरवर बावीस साइट नांदत होत्या. त्यातली एक गुंजनची, 'दहावीची शिदोरी'. मागच्या वर्षी स्वतः दहावीत असताना तिने एकेक धडा आपल्या बोलीत समजावून, आवाज भरून टाकला होता. यंदा ती अकरावीत गेली आणि रोज बाराशे पोरं तिचा आवाज ऐकायला लागली. तेव्हापासून तिची मान जरा ताठच झाली होती.

"शेजारी कोण, हे काय विचारणं झालं, बाई?"

"विचारू नाही त काय करू? मेहनत माही, अन् संध्याकाळी जागा भलत्याच्याच घशात!"

तिने वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. शेवटच्या पानावर मधोमध रेघ होती. तोट्यांची बाजू खालपर्यंत भरलेली: साइट हळू चालते, शेजाऱ्याच्या गर्दीत आपण चेंगरतो, एकाची साइट कोणी फोडली तर सगळ्यांना धोका, मनासारखं काही बदलता येत नाही. फायद्यांच्या बाजूला एकच शब्द होता, 'स्वस्त'. हे पान ती आठवडाभर आईबाबांच्या तोंडासमोर नाचवत होती. तिला स्वतःचा सर्व्हर हवा होता. बाबा म्हणत होते, शेअर्ड काय वाईट आहे?

अक्षयने पान सावकाश वाचलं.

"सोताचा सर्व्हर म्हणजे वावरातलं एकटं घर. जागा मोकळी, पण कुलूपही आपलं अन् चोरही आपलेच. बंद पडला का आपणच उठाचं. इथं ते मी करतो."

"अन् इथं?"

"इथं वावरातली विजेची डीपी हाय. एका डीपीवर पाण्याच्या बावीस मोटारी. एकानं मोठी मोटर टाकली का बाकीच्याईच्या बसल्याच."

"मंग सांगा न कोणाची मोठी ते! मंगल कार्यालयवाल्याची न? फोटो पाह्यले त्याचे? नवरदेव घोड्यावर चढताना पंधरा, उतरताना वीस!"

जिन्यात फुसकन हसू फुटलं. तेवढ्यात फोन वाजला. अक्षयने घड्याळाकडे पाहिलं. सव्वासहा. नाव न बघताच त्याने फोन उचलून टेबलावर ठेवला. कानाला लावून त्यात ऐकू येत नसे, म्हणून स्पीकर चालू केलेला.

"दादा, मी बेबी, झरी जामणीहून. आजही पान उघडून नाही राह्यलं."

"हो, बेबीताई. पाहूनच राह्यलो."

"कालही नव्हतं. बाया आता वावरातून निघाल्या असतील. माह्याजोळ कागदावर हाय सारं, पण कागद त माह्याच घरी न. गावोगावचे लोक फोनवरच पाह्यतात." बाई थांबली. मागे कुठेतरी बकरी ओरडली. "घाई नाही, दादा. पण तेवढं लावून ठेवजा."

फोन बंद झाला. अक्षयने साय धरलेला चहा ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"कोण होत्या?" गुंजनने विचारलं.

"बेबीताई, तिकडल्या आशा वर्कर हायत. साप चावला त कोणत्या दवाखान्यात इंजेक्शन शिल्लक हाय, कोणाची गाडी तयार हाय, ते रोज दुपारी साइटवर लिवतात. सध्या कापसाची वेचणी चालू हाय. वाकलेली बाई पायाखाली कवा पाहीन?"

"मंग तर सांगाच, दादा. कोणाच्या पायी बंद पडते त्याईची साइट?"

अक्षयने स्क्रीन तिच्याकडे फिरवली.

बावीस नावं, प्रत्येकापुढे एक पट्टी. वीस पट्ट्या बोटाच्या पेराएवढ्या. मंगल कार्यालयाची त्याहून थोडी लांब. आणि एक या टोकापासून त्या टोकापर्यंत, लालभडक. खाली वेळ होती, सहा ते नऊ. गुंजनने नाव एकदा वाचलं. मग बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"कधीपासून?"

"झाले दोन महिने."

"मले सांगतलं काहून नाही?"

"तुहीही पोरं शिकूनच राह्यली न." त्याचा आवाज दिवसभर वापरून झिजल्यासारखा होता. "कोणाले उठ म्हणू?"

त्याने तिचाच पेन उचलला आणि 'स्वस्त'च्या खाली लिहिलं, 'फोन अक्षय घेतो.' मग वही मिटून तिच्या हातात दिली.

"काय म्हणे मंग?" खुशी जिन्यातून ओरडली. "कोण घोरते?"

"चाला घरी," गुंजन म्हणाली. वाटेत निकिताने तिला दोनदा कोपर मारलं, तरी ती झपझप चालतच राहिली.

घरी तिचे बाबा, कमलाकर, तहसील कार्यालयातून नुकतेच आले होते आणि बूट न काढताच खुर्चीत टेकले होते. आई, कुंदा, ताटात तुरीची डाळ निवडत होती. लेकीला पाहून तिने नवऱ्याकडे डोळ्यांनी खूण केली.

"सांगा की."

"ठरलं एकदाचं," कमलाकर जांभई आवरत म्हणाले. "जिंकलीस तू. सहामाही परीक्षा झाली की घे तुझा सर्व्हर. तोवर आहे ते चालू दे शेअर्डवरच. कोणाचं काही बिघडत नाही."

ज्या क्षणी उडी मारायची असं तिने आठ दिवस ठरवलं होतं, तो हाच. गुंजन खाली बसली, फोन काढला आणि मान खाली घालून काहीतरी दाबत राहिली.

"अगं, हसशील तरी!" कुंदा म्हणाली. "आणि आता काय उघडलंस? पोरांची वेळ झाली का तुझ्या?"

गुंजनने शेवटचं बटण दाबलं आणि फोन पालथा ठेवला.

"सर्व्हर घेऊ, बाबा. त्याचे फोनही मीच घेईन. पण तोवर सहा ते नऊ माझी साइट बंद राहील. बाया वावरातून घरी यायची वेळ असते ती."