दीडपटीचा जेट

“वास घ्या हवालदार, बिनधास्त घ्या. माझ्या तोंडाचा न्हाई, गाडीच्या तोंडाचा!”

आळंदच्या बसस्टँडमागं भर दुपारी लिंगराज हवालदार गुडघ्यांवर हात टेकून एका फियाटच्या सायलेन्सरपाशी वाकला होता. त्यानं नाक पुढं केलं, हुंगलं आणि झटका बसल्यासारखा मागं सरला.

“अय्यय्यो! ही खरंच पिऊन हाय की रे!”

“मग? सकाळपास्नं दोन लिटर झालीय. आता गाडीला आत घालायचं का मला, तेवढं तुमी ठरवा.”

जमलेली माणसं खदखदली. ज्ञानोबा मेकॅनिकनं फियाटच्या बॉनेटवर सुतळीनं फुटाण्यांची पुडी बांधली होती. कुणी विचारलं की तो सुतकी चेहऱ्यानं सांगायचा, “पिणाऱ्याला तोंडात टाकायला काई नको का?” एका शहाण्यानं तर खरोखरच चार फुटाणे पुढच्या जाळीत टाकून पाहिले.

गावाला याची सवय होती. हाच ज्ञानोबा, ज्यानं बँकेच्या मॅनेजरला उन्हाळ्यात रेडिएटरला ताक पाजावं लागतं असं पटवलं होतं. मॅनेजरांच्या घरून महिनाभर रोज तांब्याभर ताक यायचं आणि रेडिएटरच्या वतीनं ते ज्ञानोबाच पिऊन टाकायचा. त्यामुळं फियाट स्पिरिटवर चालायलीय, हेही लोकांनी हसण्यावारीच नेलं.

पण ही थट्टा नव्हती. ऐंशी सालचा जानेवारी चालू होता आणि पंपावर ‘पेट्रोल नाही’ ही पाटी इतके दिवस लटकली होती, की तिच्यामागं चिमणीनं काड्या जमवायला सुरुवात केली होती. निम्म्या एसट्या बंद, उरलेल्यांच्या टपावरसुद्धा जागा नाही. आणि फियाट होती श्रीनिवासराव मास्तरांची. मास्तर रिटायर हेडमास्तर, त्यांच्या बायको नलिनीबाई मराठी शाळेत तीस वर्षं गणित शिकवून घरी बसलेल्या. बाईंच्या अंगात गाठ निघाली होती. सोलापूरच्या दवाखान्यात मशिनीचा शेक चालू होता. मागचा शेक पेट्रोलपायी चुकला. एसटीत त्यांना चढवायचा प्रयत्न केला तर गर्दीत त्या दारातच घेरी येऊन बसल्या. डॉक्टरांचा निरोप आला होता: एक चुकला तो चुकला. मंगळवारी अकराचा चुकला, तर आजवरचं सगळं पाण्यात.

हे कळल्यावर ज्ञानोबा मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिला होता. “मास्तर, गाडी स्पिरिटवर घालतो. तुमी फक्त स्पिरिटचं परमिट आणा.”

“ज्ञानोबा, आज तरी थट्टा नको रे.”

“न्हाई मास्तर. बाईंच्या गाडीवर मी थट्टा करंन का?”

आता ‘बाईंची गाडी’ कामून, ते सांगायला हवं. वीसेक वर्षांपूर्वी ज्ञानोबा करजगीहून आळंदला आला तेव्हा हातात कला होती, पण कपाळावर जात चिकटलेली. घरानं बुद्धाला शरण जाऊनही गावाच्या डोळ्यांतून ती निघालेली नव्हती. लोक त्याला गाडीखाली झोपू द्यायचे, सीटवर बसू द्यायचे नाहीत. ट्रायलला मालक गाडी चालवायचा आणि ज्ञानोबा खिडकीला धरून शेजारून पळत इंजिनाचा आवाज ऐकायचा. मास्तरांनी जुनी फियाट घेतली, ती पहिल्याच आठवड्यात बिघडली. नलिनीबाईंनी किल्ली त्याच्या पुढं धरली. म्हणाल्या, “बसून चालवा. बसल्याशिवाय ती काय म्हणते ते कळणार कसं तुम्हाला?” ज्ञानोबानं घाबरत सीटवर ओट्यावरचा पेपर अंथरला. बाईंनी तो खस्सकन ओढून घेतला. “हा कशाला घेता? मी अजून वाचला नाही!”

त्या दिवशी ज्ञानोबा आळंदच्या पेठेतून सीटवर बसून गेला. त्याबद्दल बाईंना एकदा काहीतरी नीट बोलावं असं त्याला वीस वर्षं वाटत होतं. पण तोंड उघडलं की विनोदच बाहेर पडायचा. काय करणार, यंत्रच तसं बनलेलं.

स्पिरिटची अक्कल महादेवप्पाची. तो म्हातारा ड्रायव्हर, लढाईच्या टायमाला असल्या गाड्या हाकलेला. त्यानं सांगितलं, “स्पिरिटात दम कमी, ज्ञानोबा. पेट्रोल एक पीत असंल तर हे दीड पाजावं लागतंय. जेटचं भोक दीडपटीचं कर. कमी पडलं तर गाडी सपाटीला गुमान चालंल आन चढाला दगा दिल. आन थंडीत सुरू व्हायची न्हाई, पहिल्यांदा टोपणभर पेट्रोल दाखीव.”

जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पितळी स्क्रू, मधोमध केसाएवढं भोक. त्यातून जेवढं तेल जाईल तेवढंच इंजिनाला मिळायचं. ज्ञानोबानं कुठकुठल्या मोडक्या गाड्यांचे तेरा जेट तंबाखूच्या डबीत जमवले. सलाईनची रिकामी बाटली कडुलिंबाला उलटी टांगली, नळीच्या टोकाला जेट बसवला, खाली औषधाचा रेघांचा ग्लास धरला. ठराविक वेळात किती रेघा पाणी पडतं, ते मोजायचं. जुन्या जेटमधून चार पडल्या तर नव्यातून सहा पडायला हव्यात.

पण वेळ मोजायची कशावर? ज्ञानोबाकडं घड्याळ नव्हतं. तो नेहमी त्रिसरणावर, बुद्धाला तीनदा शरण जायच्या वंदनेवर मोजायचा. बॅटरीत पाणी भरायचं एका त्रिसरणात, ट्यूबचं पंक्चर दाबून धरायचं दोन त्रिसरणांत. जुना जेट लावून त्यानं सुरू केलं आणि बघता बघता ततियम्पिची, म्हणजे तिसरी फेरी संपवलीसुद्धा; ग्लासात चार रेघा.

त्याची बायको सावित्रीबाई तांदूळ निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

“अवो, शरण जायलाव का शर्यत लावायलाव?”

“काम करायलोय गं!”

“मग कामाच्या जाग्यावर काम करा. असं पळवत म्हणायचं असंल तर म्हणूच नका. सरका, मी म्हणते. तुमी पाणी बघा.”

आणि तिनं डोळे मिटून, हात जोडून, एकेक शब्द पुरता उमलू देत त्रिसरण म्हटलं. ज्ञानोबा एकेक जेट बदलत गेला, ती दर वेळी तेवढ्याच श्रद्धेनं म्हणत गेली. आठव्या जेटला ग्लासात बरोबर सहा रेघा भरल्या. “जमलं!” म्हणून ज्ञानोबा ओरडला. तोच जेट गाडीत बसला, आणि गावात फुटाण्यांची वरात निघाली ती त्यानंतर.

मंगळवारी सकाळी सातला निघाले. ज्ञानोबा चालवायला, मास्तर शेजारी, बाई मागच्या सीटवर शाल पांघरून आडव्या. टोपणभर पेट्रोल दाखवल्यावर गाडी खाकरून उठली. वागदरीपर्यंत लोण्यासारखी आली. दोन्हीकडं तुरीची काढणी चालली होती.

“बाई, हिला आता पानपट्टीवर थांबवू नका हां. सवय लागंल.”

मागून बारीक हसण्याचा आवाज आला. मास्तरसुद्धा मिशीत हसले.

वागदरीच्या पुढं चढ लागला. गाडी एकदा ठसकली. ज्ञानोबानं गिअर बदलला. परत ठसकली. मग कार्बोरेटरमधून ‘फटाक्!’ असा आवाज झाला, रेडिएटरनं वाफ सोडली आणि चढाच्या मध्यावर फियाट जी उभी राहिली ती राहिली. पावणेनऊ झाले होते. रस्त्यावर ना एसटी ना ट्रक.

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. “ज्ञानोबा, ही थट्टा असली तर आत्ताच सांग बाबा. मी रागावणार नाही.”

ही थट्टा असती तर किती बरं झालं असतं, असं ज्ञानोबाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तो खाली उतरला. बॉनेट उघडून नुसताच उभा राहिला. “मास्तर, गाडी उपाशी हाय. कमी मिळायलंय तिला. पन मी सोता मोजलंय. जुन्याला चार, ह्याला सहा. दीडपट. मग कामून?” त्यानं चिंधीनं कार्बोरेटर उगाचच दोनदा पुसला.

मागची काच खाली आली. “ज्ञानोबा, इकडं या. कशावर मोजलंत?”

“पाण्यावर, बाई.”

“पाणी कळलं. वेळ कशावर मोजलीत?”

ज्ञानोबा मान खाली घालून म्हणाला, “त्रिसरणावर.”

“कुणी म्हटलं?”

“पहिल्यांदा मी. मग सावित्री म्हणाली, पळवायलाव तुमी, आन पुढचं सगळं तिनं...” ज्ञानोबाचं तोंड उघडंच राहिलं.

बाई कोपरावर टेकून उठून बसल्या. आजारी चेहऱ्यावर वर्गात चूक सापडल्यावर यायचा तो जुना आनंद आला होता. “म्हणजे जुना जेट तुमच्या घाईनं मोजला आणि नवा तिच्या सावकाशीनं! जास्त वेळ धार धरलीत तर सहा रेघा भरणारच की. अहो, दोन माणसांच्या वितींनी एकच कापड मोजलंत तुम्ही.”

“माझं डोस्कं म्हंजे रिकामा डबा हाय, बाई.”

“डबा असू दे. बाटली आणलीय का?”

बाटली होती, तेरा जेटांची डबी होती, रेडिएटरसाठी घेतलेलं कॅनभर पाणी होतं. बाभळीच्या फांदीला बाटली टांगली. मास्तरांच्या घड्याळाला सेकंदाचा काटाच नव्हता. “मी स्तोत्र म्हणतो,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी सुरुवात केली. रोज सकाळी अंघोळ करून घाईत म्हणायची सवय. अर्धे शब्द गिळत ते अशा वेगानं सुटले की ज्ञानोबासुद्धा बघत राहिला.

“पुरे!” बाई म्हणाल्या. “तुम्ही दोघं सारखेच. मी पाढा म्हणते. सतराचा.”

जुना जेट नळीला लागला. बाईंनी शाल आवळली.

“सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस...”

आवाज बारीक, पण चाल अशी की एकाही आकड्याला धक्का लागत नव्हता. तीस वर्षं चाळीस-चाळीस पोरं ह्या चालीमागून चालत गेली होती. सतरा आठेला त्यांना ठसका लागला. मास्तर पाणी घेऊन धावले. ज्ञानोबा म्हणाला, “ऱ्हाऊ द्या बाई, अंदाजानं करतो.”

बाईंनी हात वर केला. “अंदाजानंच इथं येऊन थांबलोय. ग्लास रिकामा करा. पुन्हा पहिल्यापासून. अर्धा पाढा पाढा नसतो.”

पुन्हा पहिल्यापासून. सतरा दाहे सत्तरासे म्हणून बाई थांबल्या, ज्ञानोबानं नळी चिमटली. चार रेघा. गाडीतला जेट लावला. पाच, त्याही जेमतेम. चोरी पकडली गेली होती. डबीतला दुसरा, साडेपाच. मग एका जुन्या जीपचा जेट. बाईंचे ओठ आता पांढरे पडले होते, पण चाल तीच. दाहेला ज्ञानोबानं नळी चिमटून ग्लास डोळ्यांसमोर धरला.

“किती?” बाईंनी विचारलं.

“सहा, बाई. रेघेवर रेघ.”

“बसवा.”

जेट बसला. रेडिएटरला पाणी, कार्बोरेटरला टोपणभर पेट्रोल. फियाट उठली, थोडा धूर काढला आणि चढ असा चढली, जसा काही तिथं चढ नव्हताच. मास्तरांनी पंच्यानं डोळे पुसले. धूळ फार होती म्हणाले.

दवाखान्याच्या फाटकात शिरले तेव्हा अकराला चार मिनिटं होती. आतून बाईंचं नाव पुकारलं गेलं. मास्तर हात द्यायला पुढं झाले, तर बाई म्हणाल्या, “चालते मी.” आणि भिंतीला बोटं लावत त्या एकट्या आत गेल्या. ज्ञानोबा व्हरांड्याच्या पायरीवर बसला. समोर एक म्हातारी पान लावत होती, पण एरवीसारखी तिची एखादी फिरकी घ्यावी असं त्याच्या मनात आलंच नाही.

बाई बाहेर आल्या तेव्हा थकल्या होत्या, पण डोळे स्वच्छ होते. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली होती. पुढची तारीख, म्हणजे मागचं वाया गेलं नव्हतं.

गाडीत बसताना त्या म्हणाल्या, “ज्ञानोबा, सावित्रीबाईंना सांगा, त्यांची चाल बरोबर होती.”

“ते सांगितलं तर वर्षभर ऐकावं लागंल बाई! त्यापरीस गाडी ढकलत आणलेली बरी.”

बाई हसल्या. ज्ञानोबानं तोंड उघडलं. वीस वर्षांचं काहीतरी घशापर्यंत आलं होतं. “बाई,” तो म्हणाला, “ते... म्हंजे... काच वर घेऊ का? वारं लागंल.”

“घ्या,” बाई म्हणाल्या.

अक्कलकोट मागं पडलं तोवर त्यांना गाढ झोप लागली होती. कितीतरी आठवड्यांनी. मास्तरांनी मागं वळून पाहिलं आणि कुजबुजत म्हणाले, “झोपली रे.” मग त्यांचीही मान पडली.

पुढं तुरीच्या काड्यांनी लादलेली बैलगाडी चालली होती, अख्खा रस्ता अडवून. ज्ञानोबाचा हात हॉर्नपर्यंत गेला आणि मागं आला. त्यानं गाडी हळू केली, आणखी हळू केली, खड्डा आला की नवरीच्या पालखीसारखी अलगद उतरवली. गाडीवानानं मागं वळून पाहिलं, बैलांना कडेला घेतलं आणि हात हलवून ओरडला, “होग्री अण्णा, मुंद होग्री!” पुढं जा म्हणत होता.

ज्ञानोबानं खिडकीतून हात काढला आणि त्यालाच खूण केली: तुमी चला, मी हाय मागं.

काड्यांचा चुरा काचेवर पडत होता. बैलांच्या चालीनं फियाट आळंदकडं निघाली.