अमावास्येचा प्लग

दर अमावास्येला सकाळी आबा सर्व्हरचा प्लग मुद्दाम उपटायचे. दहा मोजायचे, परत लावायचे. यंत्र आपलं आपण उभं राहिलं, की शेवंताबाईंचा फोन एकदा वाजायचा. मग चहा.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे उभारलं होतं. बंधाऱ्याच्या खांबावर पाण्याची उंची मोजणारं यंत्र, आणि कळंब्याला आमच्या घरी एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स. पाणी लाल खुणेला लागलं, की बंधाऱ्याजवळ राहणाऱ्या शेवंताबाईंचा फोन वाजत राहायचा. त्यांच्या म्हशी नदीकाठच्या मळीत, गाळाच्या सखल रानात चरायच्या.

आबा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात जुनी डिस्क खरखरू लागली. मी नवं यंत्र आणलं. त्यावर लागेल तेवढंच लिनक्स टाकलं, नको त्या सेवा, म्हणजे मागं आपोआप चालणारे प्रोग्रॅम, काढल्या. आबांची, फोन लावणारी 'पाणी' नावाची सेवा त्यावर आणली आणि सुरू केली. शेवंताबाईंचा फोन वाजवून पाहिला. वाजला.

चार दिवसांनी त्यांचाच आला.

"आज आमुशा हाय, पोरी. फोन न्हाय वाजला."

"मावशी, चालू आहे सगळं. चार दिवसांपूर्वीच वाजला की."

"तुझा बा प्लग काढायचा."

"चालतं यंत्र मुद्दाम कशाला पाडायचं?"

"म्हंजे म्हातारा येडा हुता व्हय?" मग त्या हसल्या. "बरं, तू शिकलेली. तुझ्या जिवावर म्हशी न्हेतो बघ मळीत."

मी प्लगपाशी गेले. हातही लावला. महिन्यापूर्वी हॉस्पिटलात एक प्लग काढताना पाहिला होता. त्यानंतर दहा मोजून उपयोग नव्हता. मी परत फिरले.

दुपारी वीज गेली, मिनिटभरच. आली तसा यंत्राचा हिरवा दिवा लागला. कळंब्यात ऊन होतं. ऊन बघू नये, गगनबावड्याकडं बघावं, नदीला पाणी तिकडून येतं, असं आबा म्हणायचे. त्या बाजूचे डोंगर दिसत नव्हते.

यंत्र गप्प होतं. पाणी कमी असलं तरी ते गप्पच असे.

चारच्या सुमाराला राहवलं नाही. मी सेवेची स्थिती विचारली. बंद. वीज आल्यापासून ती सुरूच झाली नव्हती. मी तिला त्या वेळेपुरती सुरू केली होती. यंत्र उठलं की तूही ऊठ, हे सांगणारी आज्ञा वेगळी असते. ती द्यायची राहिली होती. सकाळी दहा मोजले असते, तर कळलं असतं.

सेवा सुरू केली. पहिला आकडा आला : लाल खुणेच्या तीन फूट वर. सेवेनं लगेच शेवंताबाईंचा नंबर लावला. उत्तर नाही. मी माझ्या फोनवरून लावला. उत्तर नाही. त्यांच्या शेजारच्या बाळासोंनी उचलला.

"बंधारा पाण्याखाली गेलाय, ताई. मळीची वाट बी दिसंना. पोरं दोर घिऊन गेल्यात."

"मावशी?"

"तुमचा फोन येतोय काय बघत हुती की दुपारपातूर. आला न्हाय, म्हणून गेली."

मी गाडीची किल्ली घेतली. पडद्यावर दर मिनिटाला एक ओळ वाढत होती : उत्तर नाही.