थडग्याबाहेरची सोयरीक

मादागास्करच्या डोंगरांत जिवंतपणी घर मातीचं असलं तरी चालतं, थडगं मात्र दगडीच लागतं. त्या दिवशी रवाओच्या सासरचं थडगं उघडलं होतं. काही वर्षांनी एकदा मेलेल्यांना बाहेर आणायचं, नव्या रेशमात गुंडाळायचं, खांद्यावर घेऊन नाचवायचं आणि दिवस मावळायच्या आत परत निजवायचं. वाजंत्री तर सकाळपासून इतके प्याले होते, की मेलेलेच त्यांना ताल देत असावेत.

रवाओ नवऱ्याच्या हाडांचं गाठोडं मांडीवर घेऊन त्याला घरच्या बातम्या सांगत होती. "अहो, बाकोलीचं ठरवतेय. मुलगा गवंडी आहे, सोलोफो. तुमच्यासारखा घोरत नाही म्हणे."

"आई," लेक लाजली.

तेवढ्यात थोरला दीर रांद्रिया भाताची ताटली घेऊन आला. याचं नाक असं, की तीन डोंगरांपलीकडे कुणाचा आजा पुरलाय ते वासावर सांगेल. सोयरीक निघाली की हा मुलगा बघत नसे, मुलाचं थडगं हुंगायला जाई.

"जाऊन आलो," तो म्हणाला. "थडगंच नाही त्यांना. बांधावर पुरतात. गुलामांची अवलाद. विटाळ आहे, रवाओ."

"गुलामी उठून शंभरावर वर्षं झाली, भावजी."

"कागदावरून उठली. हाडातून उठते होय?"

"त्यांना गुलाम केलं कुणी? आपल्याच पणज्यांनी ना? हे दगड कुणाच्या डोक्यावरून आले?"

"म्हणून तर दगडाखाली आपण आणि बांधावर ते." त्यानं डुकराच्या चरबीत लडबडलेला घास कोंबला. ओघळ हनुवटीवरून गळून भावाच्या नव्या रेशमावर पडला. त्याचा त्याला विटाळ वाटला नाही. "दोघं नुसती एकत्र राहू देत, कोण बघतंय. पण लग्न लागलं तर मेल्यावर बाकोली या थडग्याच्या दारात येणार नाही. आशीर्वाद दिलास तर तूही नाहीस."

रवाओनं रेशमावरचा ओघळ बोटानं पुसला. आत नवऱ्याशेजारी तिची जागा राखलेली होती. विधवेला दुसरं हवं तरी काय असतं? आपल्या माणसाला पाठ टेकून पडायला मिळावं, एवढंच.

ऊन कललं. एकेक गाठोडं आत गेलं. रवाओ उठलीच नाही.

"दे त्याला," रांद्रिया म्हणाला.

"नाही देत."

"डोकं फिरलंय का?"

"मुलीचा बाप आहे हा. लेकीला जिथं जागा नाही, तिथं बापाला कशाला कोंडू? त्या बांधावर नेते. मीही तिथंच पडेन. वारा तरी लागेल."

म्हातारी चुलतसासू पुटपुटली, "पितर कोपतील गं."

"दिवसभर नाचवलंत ना त्यांना? दमलेत. झोपतील."

तिनं गाठोड्याचं एक टोक खांद्यावर घेतलं, दुसरं बाकोलीनं. वाजंत्री थांबले. कुणी हात लावला नाही, कुणी अडवलंही नाही. माणसं आपापल्या पायांकडे बघत राहिली.

रांद्रिया दोन्ही हात पसरून थडग्याच्या दारात उभा राहिला. भलता कुणी आत शिरू नये म्हणून त्यानं जन्मभर पहारा दिला होता. आतलाच कुणी बाहेर पडून चालू लागेल, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.