बरोबर खान्यात

पहाटे पाचला बाबा गेले आणि साडेआठला डॉक्टरबाई कागद घेऊन शवागाराबाहेरच्या बाकापाशी आल्या. मेंदूवर संशोधन करणाऱ्या या बाई गेली सात वर्षं मशीनवर बाबांच्या डोक्याची चित्रं काढत होत्या. घाईबद्दल त्यांनी दोनदा माफी मागितली. दुपारी बाराच्या आत मेंदू काढला नाही, तर तो तपासायच्या कामाचा राहत नाही. बाबांनी होकार कधीच लिहून दिला होता. पण शेवटची सही जवळच्या नातेवाइकाची, म्हणजे मुलीची.

"म्हणजे डोकं तुमचं, बाकीचं आमचं," आत्या म्हणाली. "दादाने जन्मभर डोकं पोस्टालाच दिलं होतं. उरलंसुरलं तरी घरी येऊ द्या की, बाई!"

मुलीने कागद मांडीवर घेतला आणि पेन तसंच हातात धरून बसली.

बाबा टपालखात्यात पत्रं लावायचे. समोर सहाशे खान्यांची भिंत, खाली उंच स्टूल, हातात गठ्ठा. चार हजार दोनशे गावं आणि कुठलं गाव कुठल्या खान्यात, हे सगळं तोंडपाठ. नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांत एवढं पाठ करावं लागे, आणि शंभरात दोन चुका झाल्या की घरचा रस्ता. नव्यानेच लग्न होऊन आलेली आई जेवताना एकेक कार्ड उचलून धरायची आणि बाबा हातातला घास तसाच ठेवून नंबर सांगायचे. पुढे तीस वर्षं दर वर्षी नवी यादी, नवी परीक्षा. सोबतचे त्यांना 'नकाशा' म्हणत. वस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: पत्त्याची फक्त शेवटची ओळ वाचायची. नाव वाचलं की हात अडखळतो.

मुलगी अकरा वर्षांची असताना आई दुसऱ्या गावी इस्पितळात होती, एका रात्रीच्या प्रवासावर. तिथून तिने पत्र टाकलं. 'आता फार दिवस नाहीत. दोघं लगेच या.' पोस्टमनच्या हातून ते पाकीट मुलीनेच घेतलं, तेव्हा आईला जाऊन एक दिवस झाला होता. पाकिटामागे बाबांच्याच टेबलाचा शिक्का होता, तीन दिवसांपूर्वीचा.

बाबांनी पाकीट उलटंपालटं केलं. अक्षर बायकोचं, नाव स्वतःचं. मग ते म्हणाले, "बरोबर खान्यात गेलं होतं."

एवढंच. ते एक वाक्य मुलीने तेहतीस वर्षं जपून ठेवलं. बाबांची औषधं पाहिली, चष्मे बदलून आणले, दर वर्षी तपासणीला नेलं. माफ मात्र केलं नाही. शेवटच्या महिन्यात बाबा तिलाही ओळखेनासे झाले. "कुठलं गाव?" एवढंच विचारायचे. ती गाव सांगायची. "तीनशे बारा," ते म्हणायचे आणि त्यांचा चेहरा निवायचा.

"ते चित्र पुन्हा दाखवता?" तिने डॉक्टरबाईंना विचारलं.

त्यांनी मांडीवर संगणक उघडला. "हा हिप्पोकॅम्पस. जागा, वाटा लक्षात ठेवतो. यांच्या मेंदूत त्याचा मागचा भाग त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा मोठा आहे. पुढचा लहान."

"पाठांतराने?"

"तसं वाटतं. पण मुळातच तसा होता म्हणून ते त्या कामात टिकले, असंही असेल. म्हणून तर प्रत्यक्ष बघायचाय."

"आणि पुढचा का लहान?"

"मागच्याला जागा करून दिली असेल."

"आमची वहिनी हेच म्हणायची," आत्या म्हणाली. "यांच्या डोक्यात गावांची एवढी दाटी, की माणसाला टेकायला जागा नाही. तिला काही मशीन लागलं नव्हतं हो!"

मुलीने पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "एक विचारते. बायकोचं अक्षर डोळ्यांसमोर आलं आणि माणसाला दिसलं नाही. ते मेंदू असा झाला म्हणून, की त्याने बघायचंच नाही असं ठरवलं होतं म्हणून? हे कळेल?"

डॉक्टरबाईंना हो म्हणणं सोपं होतं. त्यांनी संगणक मिटला. "नाही. पेशी मोजता येतील. तो दिवस नाही सापडायचा."

मुलीने मांडीवरचा कागद सरळ केला. मग तिने सही केली.

"केलीस?" आत्या म्हणाली. "कर माझे बाई. माझं कोण ऐकतंय."

अकरा वाजता झाकणाचा पांढरा डबा बाहेर आला. मुलगी त्याच्यामागून थंड खोलीपर्यंत गेली. मदतनीस बाईने डब्यावर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर नुसते आकडे होते.

"नाव नाही लिहिलं?"

"नाव नसतं, ताई. आम्ही नंबर बघायचा नि ठेवायचं." बाईने चिठ्ठीची शेवटची ओळ वाचली, वर न बघता चौथ्या मांडणीचा दुसरा कप्पा ओढला आणि डबा आत सरकवला. हात जराही अडखळला नाही. वीस वर्षांची सवय असावी.

मुलगी बाकापाशी परत आली. आत्याचे डोळे सुजले होते. तिने मुलीचा हात घट्ट धरला. "ठेवलं का गं नीट? काय केलं त्यांनी दादाचं?"

मुलीने बोलायला तोंड उघडलं. आत्याला दिलासा वाटेल असं काहीतरी सांगायचं होतं. डबा, चिठ्ठी, कप्पा, एवढंच डोळ्यांसमोर होतं.

"बरोबर खान्यात गेलं," ती म्हणाली. याखेरीज तिला दुसरं काही सुचेना.