गोल सह्या

"गोलच करा, भाऊ," मुरादभाई तिसऱ्यांदा म्हणाले. "गोलात पयला कोण, ते सायबाला गावत नाय."

बिरवाडीच्या त्या केमिकल कारखान्यातली ही जुनी रीत. अर्जाखाली ताटलीएवढं वर्तुळ काढायचं आणि सगळ्यांनी कडेकडेने सह्या-अंगठे करायचे. पुढारी कोण ते कळत नाही, म्हणून कोणाची नोकरी जात नाही. फिटर मुरादभाई ही रीत मुंबईच्या गिरणीतून शिकून आले होते.

पण टाइम ऑफिसातले कारकून अवधूतराव ऐकतील तर शपथ! एक्क्याण्णवचा सप्टेंबर होता. गोर्बाचेवचा फोटो त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता आणि चार वर्षं ते रशियाच्या मासिकातला 'खुलेपणा' येईल त्याला समजावत होते. तिकडे लोक नाव घालून पेपरात तक्रार लिहितात, मंत्र्याला तोंडावर जाब विचारतात! कामगार माना डोलवत आणि जुना अंक पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला मागून नेत. त्यात ऑगस्टमध्ये मॉस्कोत गोर्बाचेवविरुद्ध बंड झालं आणि साध्या माणसांनी रणगाड्यांपुढे उभं राहून ते तीन दिवसांत मोडून काढलं. तेव्हापासून अवधूतरावांचे पाय जमिनीवर नव्हते.

"चोरासारखं गोल कशाला, मुरादभाई? हातमोजे मागतोय, कायम करा म्हणतोय. नाव, तिकीट नंबर, सगळं सरळ रांगेत लिहू. लपवाछपवीचे दिवस गेले आता."

"रशियात गेले आसतील," मुरादभाई म्हणाले.

पहिलं कोण, म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. तेव्हा वरंधचा महिपत पुढे आला. नऊ वर्षं टेंपररी, अ‍ॅसिडने बोटांची सालं गेलेली. त्याला सही अवधूतरावांनीच शिकवली होती, जेवणाच्या सुट्टीत, हजेरीच्या रद्द कार्डांवर.

"भाऊ सांगतात तर मी करतो," तो म्हणाला आणि त्याने चांगली ठळक सही ठोकली. अवधूतरावांचा ऊर भरून आला. त्या सहीखाली बावीस नावं आली.

चौथ्या दिवशी हातमोजे आले. त्याच दिवशी गेटवर महिपतचं हजेरीचं कार्ड काढून घेऊन त्याला घरी पाठवलं. कारण कोणी सांगितलं नाही.

अवधूतराव तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. "अर्ज माझ्या अक्षरातला आहे. काय शिक्षा करायची ती मला करा."

साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला. "तुमचं नाव कुठाय यात?"

नव्हतंच. ते कायम नोकरीतले, त्यांनी सही करायची हे त्यांना सुचलंच नव्हतं. कोणी म्हणालंही नव्हतं. केबिनच्या बाहेर येताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मुरादभाईंच्या समोरून जायला नको म्हणून ते मागच्या दाराने गेले.

पुढचे तीन महिने त्यांनी लेबर ऑफिसात खेटे घातले, वकील गाठला, साहेबांच्या पुन्हा पुन्हा विनवण्या केल्या. काही उपयोग झाला नाही. डिसेंबर संपता संपता रेडिओवर बातमी आली की मॉस्कोतला लाल झेंडा उतरवला, तो देशच आता नाही. दुसऱ्या दिवशी अवधूतराव वरंधची एसटी धरून निघाले.

महिपतची बायको साळूबाई अंगणात लाकडं फोडत होती. तिने त्यांना बसायला घोंगडी दिली, पण मनातलं काही लपवलं नाही.

"तुमी त्यांना सही शिकवलीत नसती तर बरं झालं आसतं, भाऊ. आंगठा येवढा कोणाच्या डोळ्यात भरत नाय."

तेवढ्यात महिपत घाटातल्या खडीच्या कामावरून आला. केसांपासून पायांपर्यंत धूळ, दोन बोटांना चिंधी बांधलेली. भाऊंना बघून तो खरंच खूश झाला. नोकरीचा विषयसुद्धा काढला नाही. घरात रेडिओ नव्हता.

"भाऊ, तुमच्या रशियात कसं हाय आता? लोकं बोलतात का तोंडावर?"

अवधूतरावांनी तोंड उघडलं. खरं सांगावं, सगळं सांगावं, असं फार वाटलं.

"बोलतात," ते म्हणाले. "अगदी चांगलं चाललंय."

"मंग बरं," महिपत पायरीवर टेकत म्हणाला. "कुटंतरी झालं ना."

साळूबाईने कोरा चहा आणून ठेवला. अवधूतरावांनी तो खाली मान घालून प्यायला.